वाचकांचे प्रश्न : पानाच्या आतली बुरशी आणि बशीतले वर्तुळ

गेल्या अंकात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविषयी लिहिताना ओघात एक वाक्य येऊन गेले, की नव्या प्रतिजैविकांच्या शोधात औषधी वनस्पतींच्या निरोगी पानांत राहणाऱ्या बुरशींकडेही पाहिले जाते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी द्राक्षाची बाग आहे. बुरशी म्हटली की आम्हाला भुरी, केवडा आणि करपा एवढेच आठवते. आपण 'निरोगी पानात राहणारी बुरशी' असे लिहिले आहे. बुरशी पानाच्या आत शिरल्यावर पान निरोगी कसे राहील? आणि ती आतच आहे, वर बसलेली नाही, हे ओळखतात कसे? (एक बागायतदार, तासगाव)

आपली शंका रास्त आहे, कारण बुरशीची आणि आपली ओळख होते तीच मुळी तिने केलेल्या नुकसानीवरून. भुरीची पांढरी पूड दिसते, करप्याचे डाग दिसतात. जी बुरशी काहीच दाखवत नाही, तिची दखल घ्यायला फवारणीच्या दिवसांत कोणाला सवड असणार? (केवडा आणणारा जीव शास्त्रज्ञांच्या लेखी खरी बुरशी नाही, पण तो वाद आज नको.) जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ साली वनस्पतीच्या आत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी 'एंडोफाइट' हा शब्द वापरला. आयुष्याचा निदान काही काळ वनस्पतीच्या ऊतींत राहूनही तिच्यावर रोगाचे लक्षण उमटू न देणारा जीव, असा त्याचा आजचा अर्थ आहे. मराठीत आपण त्यांना अंतर्निवासी बुरशी म्हणू.

त्या व्याख्येतले 'निदान काही काळ' हे शब्द मात्र नजरेआड करू नयेत. आंब्यावर आणि मिरचीवर करपा आणणाऱ्या कोलेटोट्रायकम या प्रजातीचे सदस्य निरोगी पानांतही सर्रास सापडतात. वर्षानुवर्षे बिनतक्रार राहणारा भाडेकरू घरमालक थकला की घराचा ताबा घेऊ लागतो, तसे यांपैकी काहींचे असते. पान पिकले, झाडावर पाण्याचा ताण आला किंवा पान गळून जमिनीवर पडले, की त्या आपले खरे रूप दाखवतात. बाकीच्या कितीतरी बुरशी शेवटपर्यंत शांतच राहतात आणि काहींच्या वास्तव्याने झाडाचा रोगकारक बुरशींपासून बचाव होतो, हे कोकोच्या झाडावरील प्रयोगांत दिसून आले आहे.

हा प्रकार अपवादात्मक आहे असेही समजू नये. पनामातील बारो कोलोराडो बेटावरील जंगलात दोन जातींच्या झाडांची अवघी ८३ निरोगी पाने तपासली गेली, तेव्हा त्यांतून बाह्यरूपाने वेगळे दिसणारे बुरशीचे ४१८ प्रकार निघाले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधातील झाडाचे कोवळे पान जवळजवळ स्वच्छ असते आणि हवेतून, पावसाच्या थेंबांतून येणारे बीजाणू त्यात रुजत जातात, म्हणून जून पानात बुरशींची वस्ती दाट असते. आपल्या बागेतील पानेही याला अपवाद नाहीत.

आता ती आतलीच कशी ओळखायची, ते सांगतो. पान आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुतात, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये सुमारे मिनिटभर, त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे घरच्या ब्लीचच्या, पातळ द्रावणात दोन-तीन मिनिटे, पुन्हा काही सेकंद अल्कोहोलमध्ये आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात दोन-तीन वेळा बुडवून काढतात. वरचे सगळे मरावे आणि आतले जगावे, एवढाच या आंघोळीचा हेतू असतो. वेळ थोडी कमी झाली तर वरचे राहते, थोडी जास्त झाली तर आतलेही जाते, आणि कडुनिंबाच्या पातळ पानाला जी वेळ चालते ती त्याच्या सालीला पुरत नाही. मग निर्जंतुक पात्याने पानाचे साधारण पाच मिलिमीटरचे तुकडे करून ते बटाट्याचा अर्क, डेक्स्ट्रोज आणि आगर यांच्या, बशीत थिजवलेल्या माध्यमावर मांडतात. त्या माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉलसारखे प्रतिजैविक घातलेले असते, म्हणजे पानातले जीवाणू मध्ये लुडबुड करत नाहीत. बशा पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बशी उजेडासमोर तिरपी धरली, की तुकड्याच्या कापलेल्या कडेतून कापसाच्या धाग्यांसारखे पांढरे तंतू बाहेर आलेले दिसतात. ते कापलेल्या कडेतून यावेत, पानाच्या सपाट पृष्ठावरून नव्हे, ही पहिली खूण. दुसरी खूण अशी, की धुतलेले पान कापण्यापूर्वी एका कोऱ्या माध्यमावर हलकेच दाबून उचलतात आणि ती बशीही तितकेच दिवस ठेवतात. त्या ठशावर काहीही उगवले, तर वरची सफाई कच्ची राहिली असे समजून तो सगळा नमुना टाकून द्यावा लागतो. तीन आठवड्यांच्या कामानंतर नमुना टाकून देणे जिवावर येते, आणि या विषयातील कित्येक निबंधांत ठशाच्या चाचणीचा उल्लेख सापडत नाही, हे मी वाचताना नेहमी पाहतो.

प्रश्न : एकच वनस्पती वेगवेगळ्या भूमीतून आणली तर तिचा गुण कमी-अधिक येतो, हा आम्हा वैद्यांचा रोजचा अनुभव आहे, देश आणि काळ पाहून द्रव्य गोळा करावे असे ग्रंथांतही सांगितले आहे. आतल्या बुरशीमुळे हा फरक पडत असेल का? किंबहुना औषधी गुण वनस्पतीचा नसून बुरशीचाच आहे, असे सिद्ध झाले आहे का? (एक वैद्य, नाशिक)

पहिल्या भागाचे उत्तर सावधपणे 'काही अंशी' असे देता येईल. त्याच झाडातील बुरशींची वस्ती ऋतूनुसार, उंचीनुसार आणि पानाच्या वयानुसार बदलते, पावसाळ्यात ती बहुधा वाढते, आणि बुरशीच्या वास्तव्याने वनस्पतीच्या स्वतःच्या बचावात्मक रसायनांचे प्रमाण बदलू शकते. परंतु माती, ऊन, पाणी, वाळवण्याची पद्धत आणि मुळात झाडाचा वाण या गोष्टींचाही गुणावर परिणाम होतो, आणि त्यांतून बुरशीचा वाटा वेगळा काढणे फार जिकिरीचे आहे.

दुसऱ्या भागाचा इतिहास मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे आणि त्यात एक आपल्याकडचा धागाही आहे. नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करून कर्करोगावरील दोन मोठी द्रव्ये वनस्पतींतून वेगळी केली. चीनमधील कॅम्पटोथेका या झाडातून मिळालेले कॅम्पटोथेसिन १९६६ साली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून मिळालेले टॅक्सॉल १९७१ साली प्रसिद्ध झाले. टॅक्सॉलसाठी सालच सोलावी लागे आणि साल सोलली की झाड मरे. अशा वेळी, १९९३ साली, मॉन्टाना राज्यातील गॅरी स्ट्रोबेल, अँड्रिया स्टिअर्ल आणि डोनाल्ड स्टिअर्ल यांनी जाहीर केले, की त्याच यू वृक्षाच्या सालीतील एक बुरशी झाडाबाहेर, प्रयोगशाळेतील द्रवातही टॅक्सॉल तयार करते. त्या बुरशीला त्यांनी टॅक्सोमायसिस अँड्रिएनी हे नाव दिले. झाड न तोडता बुरशीच्या टाकीतून औषध काढता येईल, ही कल्पना इतकी मोहक होती की जगभर औषधी झाडांची पाने-साली कापून माध्यमावर ठेवण्याची लाट आली. आजही त्या विषयावर दरवर्षी येणाऱ्या निबंधांच्या प्रस्तावनेत टॅक्सॉलची कथा असतेच.

त्या कथेचा पुढचा भाग प्रस्तावनांत क्वचितच येतो. त्या मूळ बुरशीपासून एका लिटर द्रवात मिळालेले टॅक्सॉल २४ ते ५० नॅनोग्रॅम इतकेच होते, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. २०१३ साली जर्मन संशोधकांनी यू वृक्षांतील बुरशी, त्या मूळ बुरशीसह, पुन्हा तपासल्या, तेव्हा या बुरशी स्वतंत्रपणे टॅक्सॉल घडवतात याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आज टॅक्सॉल येते ते यू वृक्षाच्या पेशींच्या संवर्धातून किंवा त्याच्या पानांतील पूर्वद्रव्यावर रासायनिक प्रक्रिया करून. बुरशीच्या टाकीतून नव्हे.

कॅम्पटोथेसिनची गोष्ट सह्याद्रीपर्यंत येते. आपल्या घाटातील नरक्या, ज्याला त्याच्या घाणेरड्या वासामुळे हे नाव पडले असावे, या झाडात कॅम्पटोथेसिन भरपूर असते आणि त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली. जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ साली नरक्याच्या अंतर्सालीतील एका बुरशीपासून कॅम्पटोथेसिन मिळाल्याचे प्रसिद्ध केले. पुढे जर्मनीतील डॉर्टमुंड येथे चिनी कॅम्पटोथेकातील फ्युजॅरियम सोलानी या बुरशीवर काम झाले, तेव्हा असे आढळले की झाडापासून दूर, बशीतून बशीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या बुरशीचे उत्पादन घटत जाते आणि तिला पुन्हा झाडात सोडूनही ते पूर्ववत होत नाही.

तेव्हा 'गुण बुरशीचाच' असे सिद्ध झालेले नाही. माझे मत विचाराल तर औषधी झाडातील बुरशी त्या झाडाचे औषध चोरून शिकते या कल्पनेच्या मागे आपण गरजेपेक्षा जास्त काळ धावलो. अधिक भरवशाची गोष्ट ही, की बुरशी आपली स्वतःची रसायने बनवते. बनारस हिंदू विद्यापीठातील रवींद्र नाथ खरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली कडुनिंबाच्या मुळातील क्लोरिडियम या बुरशीपासून जावानिसिन नावाचे लालसर द्रव्य काढले, आणि ते स्यूडोमोनास या चिवट जीवाणूंविरुद्ध प्रभावी ठरले. हे द्रव्य कडुनिंबाचे नाही. कडुनिंबाचा कडूपणा वेगळ्या रसायनांचा आहे. पानाच्या आत जागा थोडी, अन्न मोजके आणि शेजारी जीवाणूही राहायला आलेले, अशा ठिकाणी टिकायचे तर हाताशी काही हत्यार लागते, आणि त्या हत्याराचा झाडाच्या औषधी कीर्तीशी संबंध असेलच असे नाही. रस्त्याकडेच्या गवताच्या पातीतही अशा बुरशी आहेत. फक्त त्यांच्यासाठी अनुदान मागायला गेले तर समितीला पटवणे अवघड जाते.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अडुळशाच्या पानातील एका बुरशीच्या अर्काने स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर २४ मिलिमीटरचे वर्तुळ दिले आणि शेजारच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीने २६ चे. म्हणजे आमचा अर्क जवळजवळ सिप्रोफ्लॉक्सासिनइतका प्रभावी आहे, असे प्रबंधात लिहावे का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

असे लिहू नये, आणि का लिहू नये ते जरा विस्ताराने सांगतो, कारण याच वाक्याने कित्येक चांगले प्रबंध बिघडलेले मी पाहिले आहेत.

प्रथम चकतीवर काय होते ते पाहा. या चाचणीत बशीतल्या आगरवर जीवाणू पसरतात, त्यावर औषधाची किंवा अर्काची कागदी चकती ठेवतात आणि तिच्याभोवती जीवाणू न वाढलेल्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीच्या वापरातले प्रतिजैविक तुलनेसाठी शेजारी ठेवतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या प्रमाणित चकतीवर पाच मायक्रोग्रॅम औषध असते. आपल्या चकतीवर अर्क किती घातला ते आपण लिहिलेले नाही. पण अशा कामात एक मिलिग्रॅम, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम घालण्याचा प्रघात आहे. तसे असेल तर आपण दोनशेपट वजन घालून दोन मिलिमीटरने मागे राहिलात. त्याचा अर्थ अर्क टाकाऊ आहे असाही होत नाही, कारण त्या हजार मायक्रोग्रॅममध्ये शेकडो द्रव्यांचे मिश्रण आहे आणि काम करणारे द्रव्य त्यात अगदी थोडे, पण फार प्रभावी असू शकेल. वर्तुळावरून यांतले काहीच ठरत नाही.

दुसरे, वर्तुळाची त्रिज्या ही द्रव्याच्या मारक शक्तीइतकीच त्याच्या पसरण्याच्या स्वभावावरही अवलंबून असते. लहान आणि पाण्यात विरघळणारा रेणू आगरमधून लांब जातो. मोठा किंवा तेलकट रेणू चकतीपाशीच घुटमळतो. कोलिस्टिन हे रुग्णालयांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध आगरमधून इतके वाईट पसरते, की त्यासाठी चकतीची चाचणी विश्वासार्ह मानली जात नाही. याच कारणाने दोन वेगळ्या द्रव्यांची वर्तुळे पट्टीने मोजून त्यांची तुलना करणे चूक आहे. एकाच द्रव्याची दोन वेगळ्या दिवशीची वर्तुळेही तेव्हाच तुलनेला येतात, जेव्हा म्युलर-हिंटन आगरची जाडी, जीवाणूंच्या द्रवाचा गढूळपणा आणि उबवण्याचे तास सारखे असतात.

तिसरे, वर्तुळ कशाचे आहे? बऱ्याच बुरशी वाढताना माध्यम आंबट करतात आणि नुसत्या आम्लतेनेही जीवाणू मागे हटतो, म्हणून अर्काचा सामू तपासलेला असावा. दुसरा चोर म्हणजे विद्रावक. आमच्याच प्रयोगशाळेत एकदा एथिल अ‍ॅसिटेटने काढलेल्या अर्कांची चाचणी लावली होती. सहा अर्क, सहाही बुरशी वेगळ्या, आणि सहाही चकत्यांभोवती जवळजवळ एकसारखी, कंपासने काढावी तशी वर्तुळे. विद्यार्थी खूश होते, मीही होतो. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील एका मुलीने, कोणी सांगितले नसताना, नुसत्या एथिल अ‍ॅसिटेटमध्ये भिजवून घाईघाईत वाळवलेली एक चकती ठेवून पाहिली, आणि तिच्याभोवतीही तेच वर्तुळ उमटले. बाष्पक यंत्रातून अर्क पुरता कोरडा न करताच आम्ही चकत्यांवर घातला होता. पुढच्या वेळी सहांपैकी एकाच अर्काने वर्तुळ दिले, तेही नऊ मिलिमीटरचे, आणि त्यातले सहा तर चकतीचाच व्यास. तेव्हापासून विद्रावकाची कोरी चकती नसलेली बशी मी वाचतच नाही.

आपण आता पुढचे काम असे करावे. अर्क डायमिथाइल सल्फॉक्साइड या विद्रावकात विरघळवून, छोटे खण असलेल्या तबकातील द्रव माध्यमात दुपटीदुपटीने पातळ करत न्यावा आणि ज्या किमान तीव्रतेला जीवाणूंची वाढ थांबते ती नोंदवावी. विद्रावकाची तीव्रता सगळ्या खणांत सारखी ठेवावी. कच्च्या अर्कासाठी मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत आणि शुद्ध द्रव्यासाठी १० च्या आत वाढ थांबली तर पुढे जाण्यात अर्थ आहे, असा संशोधकांत सर्वसाधारण संकेत आहे. नंतर त्या खणांतील द्रव कोऱ्या आगरवर पसरून पाहिला, तर जीवाणू मेले की नुसते थांबले हे कळेल. एश्चेरिशिया कोलाय आणि स्यूडोमोनास हे दोन ग्रॅम-ऋण जीवाणू चाचणीत नसतील तर घ्यावेत. त्यांच्या बाहेरच्या आवरणामुळे आणि आत शिरलेले द्रव्य बाहेर फेकणाऱ्या पंपांमुळे बहुतेक अर्क तिथे हात टेकतात, आणि नेमकी याच जीवाणूंवरील औषधांची आज वानवा आहे.

प्रबंधातील वाक्य असे लिहिता येईल : 'या बुरशीच्या अर्काने दिलेल्या मात्रेत स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाढ रोखली.' वाक्य साधे आहे, पण तोंडी परीक्षेत त्यावर कोणी आपल्याला अडवू शकणार नाही.

प्रश्न : चाळीस वर्षे औषधांचे दुकान चालवले. इतक्या बुरशी, इतके शोध, तर मग या मार्गाने आलेले एखादे औषध दुकानात का येत नाही? (एक निवृत्त औषधविक्रेते, ठाणे)

बुरशीपासून आलेली प्रतिजैविके आपण आयुष्यभर विकली आहेत. पेनिसिलिन तर सर्वांना ठाऊक आहे. सेफॅलोस्पोरिन वर्गाचे मूळ सार्डिनिया बेटावर कॅल्यारी शहराच्या सांडपाण्याजवळ जुझेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ साली सापडलेल्या बुरशीत आहे. मलमात येणारे फ्युसिडिक आम्लही बुरशीचेच. परंतु औषधी वनस्पतीच्या आतील बुरशीपासून निघालेले जीवाणुनाशक औषध दुकानात अद्याप आलेले नाही.

जवळचे उदाहरण आहे ते बुरशीनाशकाचे. ज्युनिपर या झाडाच्या जिवंत पानांतील हॉर्मोनेमा या बुरशीपासून एन्फ्युमाफंजिन हे द्रव्य मिळाले. त्यात बदल करून तयार झालेले इब्रेक्साफंजर्प हे औषध स्त्रियांमधील कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गासाठी अमेरिकेत जून २०२१ मध्ये मंजूर झाले. मूळ द्रव्याची माहिती २००० साली प्रसिद्ध झाली होती. म्हणजे सगळे सुरळीत जुळूनही पानापासून गोळीपर्यंत दोन दशके लागली.

बाकीचे कुठे अडतात? पुष्कळदा सापडलेले द्रव्य जुनेच निघते. वर सांगितलेले जावानिसिन घ्या. त्याचे नावच मुळी १९४०च्या दशकात ज्या फ्युजॅरियम जावानिकमपासून ते प्रथम मिळाले तिच्यावरून पडले आहे. काही द्रव्ये जीवाणूंइतकीच माणसाच्या पेशींनाही मारतात, आणि ही चाचणी बहुतेक निबंधांत नसते. काही बुरशी तीन-चार वेळा बशी बदलली की द्रव्य बनवणेच सोडून देतात. बुरशीच्या जनुकसंचात अशा रसायनांच्या ज्या तयार पाककृती असतात, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगशाळेत मिटूनच राहतात. माध्यम बदलून किंवा दुसऱ्या सूक्ष्मजीवाला त्याच बशीत शेजारी आणून त्या उघडण्याचे प्रयत्न चालू आहेत. आणि पैशाचा प्रश्न आपल्याला मी सांगायला नको : आठवडाभर घ्यायच्या आणि शक्यतो कमी वापरायच्या औषधात गुंतवणूक करायला मोठ्या कंपन्या राजी नसतात. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या संसर्गांमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला; तरीही हे गणित बदललेले नाही.

आपल्याकडे एके काळी हे पैशाचे गणित वेगळ्या रीतीने सोडवले गेले होते. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात संशोधन विभागही होता, आणि तेथे एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली पिंपरीच्याच मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक निघाले. त्या नावातले पहिले अक्षर कारखान्याचे आहे. स्ट्रेप्टोमायसिस हा जीवाणू, बुरशी नव्हे. पण कारखान्याच्या आवारापासून औषधाच्या बाटलीपर्यंतचा रस्ता एकाच संस्थेच्या छताखाली होता, तसा आज आपल्या महाविद्यालयांतील बुरशींना नाही.

प्रश्न : पावसाळ्यात वाळवून ठेवलेल्या गुळवेलीवर आणि अडुळशाच्या पानांवर पांढरट बुरशी येते. ती जर जंतू मारणारी असेल, तर तिच्यासकट काढा केला तर चालेल का? (एक गृहिणी, रत्नागिरी)

चालणार नाही. ती पाने टाकून द्यावीत, धुऊन आणि पुन्हा उन्हात घालूनही वापरू नयेत. दमट हवेत साठवणीत येणारी बुरशी ही जिवंत पानात राहणारी नव्हे. ती बहुधा अ‍ॅस्परजिलस किंवा पेनिसिलियमची असते आणि यांतल्या काही जाती अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार करतात, जी काढा उकळल्याने नाहीशी होत नाहीत. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील पंचमहाल आणि बांसवाडा जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने ३९७ जणांना यकृताचा आजार झाला आणि त्यांतले १०६ दगावले.

जिवंत पानातील बुरशीही झाडाला निरुपद्रवी आहे म्हणून खाणाऱ्याला निरुपद्रवी असते असे नाही. अमेरिकेत टॉल फेस्क्यू नावाच्या हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या गुरांचे खूर आणि शेपटीचे टोक झडू लागले, त्यामागे गवताच्या आत राहणारी बुरशी असल्याचे १९७७ साली पुढे आले. गवताला त्या बुरशीचा फायदाच होत होता. ताज्या अडुळशाच्या पानांच्या काढ्याविषयी यामुळे धास्ती घेण्याचे कारण नाही. वाळवण मात्र सावलीत, मोकळ्या हवेत, कुरकुरीत होईपर्यंत करावी आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावी.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दहा वर्षांत आंबोली-चोर्ला परिसरातील झाडांपासून सुमारे सत्तर बुरशी वेगळ्या केल्या. काही नळ्या सुकून गेल्या. बाकीच्यांचे काय करावे? (एक प्राध्यापक, गोवा)

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्ध संग्रह आहे. तेथे संशोधकांकडून बुरशी ठेवून घेतल्या जातात आणि क्रमांक मिळतो. हा क्रमांक निबंधात असला तर दहा वर्षांनी दुसरा कोणी तीच बुरशी मागवून आपला निष्कर्ष ताडून पाहू शकतो; तो नसला तर आपल्या वर्तुळावर नुसता विश्वास ठेवावा लागतो. सत्तरच्या सत्तर पाठवण्याऐवजी ज्यांनी चाचण्यांत काही दाखवले आणि ज्यांची जनुकीय ओळख पटली आहे, त्या आधी पाठवाव्यात. बीजाणूच न धरणाऱ्या, नुसतेच पांढरे तंतू वाढवणाऱ्या बुरशी ओळखता आल्या नाहीत म्हणून फेकून देऊ नयेत; डीएनएच्या चाचणीने त्यांची निदान प्रजाती तरी कळते. परदेशातील सहकाऱ्याला संवर्ध पाठवायचा असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवही येतात हे ध्यानात ठेवून चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहावेत.

हाताशी असलेल्या नळ्यांवर निर्जंतुक पॅराफिन तेलाचा थर घालून त्या थंड जागी ठेवल्या तर त्या लवकर सुकत नाहीत. प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर झाडाचे नाव, गाव, महिना, पान कोवळे होते की जून, आणि ही कितवी पिढी आहे, एवढे तरी पेन्सिलीने लिहावे. शाई अल्कोहोलच्या पहिल्या थेंबाला पुसली जाते. आणि ज्या झाडापासून बुरशी घेतली, त्याची फुलासह एक फांदी दाबून, वाळवून आपल्या विभागात ठेवली आहे का, ते पाहावे. ठेवली नसेल आणि ते झाड अजून उभे असेल, तर येत्या बहरात जाऊन आणावी.